आखाड्यातला म्हातारा

एका संस्थानी गावात एक भोळा गडी होता. नाव सटवाजी. सांगाल ते ऐकायचा आणि ऐकेल ते करायचा. रोग काय तो एवढाच! तीन ठिकाणांहून हाकलला गेला, तेव्हा कुठं राजवाड्यात चिकटला. बायको भागीरथी म्हणाली, "हीही नोकरी गेली तर मी माहेरी जाते. मग थापा तुमची भाकरी तुम्ही." सटवाजीला भाकरी थापता येत नव्हती. तो चांगलाच घाबरला.

काम काय, तर दिवाणखान्यातलं एक भलंमोठं चित्र राखायचं. वलंदेज, म्हणजे डच, देशाच्या कुणा चिताऱ्यानं काढलेलं. परमुलखातला जुना गोल आखाडा, भोवती लोकांनी बसायच्या दगडी पायऱ्या, तडा गेलेली कमान, गवत, चार शेळ्या. आणि कमानीखाली पायरीवर एक म्हातारा, शेळ्या राखणारा. सरकारांचा या चित्रावर भारी जीव.

पहिल्याच दिवशी भर दुपारी एक पाहुणा वाड्याच्या पायरीवर येऊन टेकला. सटवाजी नुसता बघत राहिला. कारभारी त्रिंबकराव ओरडले, "अरे ठोंब्या! उन्हातून आलेला माणूस पायरीवर बसला की आधी गूळ-पाणी द्यावं!"

"बरं," सटवाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं चित्रातल्या म्हाताऱ्यापुढं गूळ ठेवला. चौकटीवरच. "घ्या हो बाबा, लाजता काय?" बाबा काही घेईनात. संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग थेट शेळ्यांपर्यंत पोचली.

त्रिंबकरावांनी कपाळ बडवलं. "अरे, असं नसतं रे! हात मागं बांधावेत, चार पावलं लांब उभं राहावं, मान डोलवावी आणि 'वा!' म्हणावं. बास!"

"बरं."

तिसऱ्या दिवशी बागेत सरकारांचा पाय घसरला आणि ते कमळाच्या तळ्यात गळ्यापर्यंत बुडाले. सटवाजी धावत आला. चार पावलं लांब थांबला. हात मागं बांधले.

"अरे, हात दे!" सरकार ओरडले.

"वा!" सटवाजी म्हणाला. मान डोलवली. "वा वा!"

माळ्यानं सरकारांना ओढून काढलं. ते थरथरत म्हणाले, "गाढवा! माणूस संकटात दिसला की बघत बसू नये, आधी बाहेर काढावा! आता चुकलास तर तडक घरी."

त्या रात्री सटवाजी घरी आला. भागीरथीचं गाठोडं दाराशी बांधून तयारच होतं.

सकाळी शेजारच्या संस्थानचे राजे खास चित्र पाहायला आले. सरकारांनी ऐटीत पडदा सारला. आखाडा जागच्या जागी. शेळ्या चारही. कमानीखाली मात्र हातभर भोक, आणि भोकातून मागची भिंत दिसतेय.

"म्हातारा कुठाय?" सरकार किंचाळले.

सटवाजीनं हसत पागोटं सोडलं आणि आतून म्हातारा काढला. छान कडेकडेनं कातरलेला.

"काढला, सरकार! डोक्यावर तडा गेलेली कमान, आणि हे आपले निवांत बसलेले. गूळ-पाणीसुद्धा दिलंय."

सरकारांनी दाराकडं बोट दाखवलं. सटवाजीनं हात जोडले.

"फक्त आत्ता घरी पाठवू नका, सरकार. शेळ्या अजून आतच आहेत."