एकोणिसावी वाटी

फार पूर्वी खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, मधे मातीचा बांध आणि बांधाला एक लाकडी दार. त्या दाराला गावकरी उघाडी म्हणत. ओहोटीला उघाडी उचलायची, म्हणजे शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर जाई. भरती चढायच्या आत ती पाडायची, नाहीतर खारं पाणी आत. आणि एकदा खारं पाणी शिरलं की तीन वर्षं त्या जमिनीत दाणा पिकत नसे.

दिवसा भरती डोळ्यांना दिसते. रात्रीचं काय? म्हणून बांधावरच्या माचीवर एक राखणदार बसे. त्याच्यापुढं पाण्यानं भरलेलं घंगाळ आणि त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. मग ती काढून पुन्हा पाण्यावर सोडायची. समुद्र रोज दोन घटका उशिरा येतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पौर्णिमेला सूर्यास्तापासून सातवी वाटी, दुसऱ्या दिवशी नववी, असं मोजत राखणदार घंटा वाजवी आणि उघाडीपाशी झोपलेले दोघे गडी उठून दार पाडत.

राखणदार म्हातारा झाला. नव्या माणसासाठी पंच बसले आणि इथेच त्यांची अक्कल चरायला गेली. गोंधळाच्या रात्री सगळे पेंगत असताना जो पहाटेपर्यंत संबळ वाजवत राही, त्या तरुणाला त्यांनी निवडलं. एक रात्र जागणं निराळं आणि रोजची रात्र जागणं निराळं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

म्हातारा तरुणाला म्हणाला, "बाळा, आज अमावास्या. तुझं काम पौर्णिमेपासून. तोवर रोज दोन वाट्या उशिरा झोपत जा. पंधरा दिवसांत तुझी झोप सकाळवर येईल."

"आजोबा, झोप म्हणजे काय समुद्र आहे का? मी म्हणेन तेव्हा येईल की!"

तरण्या माणसाला शहाणपण सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पौर्णिमेला तरुण माचीवर बसला. पहिल्या काही रात्री मजेत गेल्या. पण सकाळी घरी येऊन तो आडवा झाला की कौलांतून ऊन तोंडावर येई. कुणी होडी ओढायला हाक मारी, कुणी तंटा सोडवायला. शेजारची विधवा काकू तर अंगणातून ओरडे, "दिवसाढवळ्या लोळतोस? घरात अवदसा शिरेल, ऊठ!" तरुणाला लाज वाटे. तो उठून कामाला लागे.

कृष्ण षष्ठी आली. त्या रात्री भरतीची वाटी एकोणिसावी होती. अर्धा चंद्र वर चढला होता, खाडी दुधासारखी पडून होती. सतरावी वाटी बुडाली. अठरावी बुडाली. तेवढ्यात काळी घोंगडी पांघरलेली एक बाई पाण्यावरून चालत आली आणि माचीवर टेकली. तिचे पाय कोरडेच होते. तरुणानं तिला ओळखलं. आई लहानपणी जिची गोष्ट सांगायची, ती झोपमावशी.

"रोज रात्री तुझ्या घरी जाते रे," ती म्हणाली. "अंथरूण रिकामं. शेवटी इथंच आले."

"मावशी, आत्ता नको. एवढी एक वाटी बुडू दे. तू दिवसा येत जा."

"उन्हात मला दिसत नाही. एकदा चाचपडत आले, तर तू होडी ओढत होतास. जन्मभर मला रात्रीची वाट दाखवलीस आणि आता एका दिवसात ती विसर म्हणतोस! समुद्र एवढा मोठा, तोही रोज दोनच घटका सरकतो. मी कोण लागून गेले?"

तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. हात थंडगार होता, आईच्या हातासारखा. मग तरुणाला दिसलं, एकोणिसावी वाटी चंद्राएवढी होऊन सावकाश तळाशी चालली आहे आणि भाताच्या रोपांमधून चांदीचे मासे फिरत आहेत. किती सुंदर स्वप्न, असं त्याला वाटलं.

जाग आली तेव्हा मासे खरेच शेतात होते.

तरुणानं घंटा बडवली. गड्यांनी धावत जाऊन दार पाडलं. बाकी गाव वाचलं, पण उघाडीला लागून असलेलं काकूचं शेत गेलं. भात नुकतंच पोटरीला आलं होतं, कणीस बाहेर पडायचंच होतं.

सकाळी सगळं गाव बांधावर जमलं. "काढून टाका याला!" लोक म्हणाले. तरुण मान खाली घालून रडत होता. "माझ्या वाट्याचं भात तीन वर्षं काकूच्या घरी घाला," एवढंच तो म्हणाला.

काकूनं आपल्या शेताकडं पाहिलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "ते तर घेईनच. पण याला काढून काय होणार? उद्या दुसराही असाच पेंगेल. झोपू दिलं का आपण पोराला? रोज सकाळी उठवणारी मीच होते ना!"

म्हातारा काठी टेकत पुढं आला. "पंधरा दिवस माची मी सांभाळतो. तोवर यानं झोपेला वाट शिकवावी."

त्या दिवसापासून तरुण रोज दोन वाट्या उशिरा झोपू लागला. मध्यरात्र गेली, उत्तररात्र गेली, झोप हळूहळू पहाटेवर आली. काकूनं आपली काळी घोंगडी त्याच्या खिडकीला टांगली आणि स्वतः दारात बसली. कुणी हाक मारायला आलं की ती काठी उगारून दबक्या आवाजात म्हणे, "हळू! इथं रात्र आहे."

पंधराव्या सकाळी त्या अंधाऱ्या खोलीत कुणीतरी भिंत चाचपत आलं. "हं, सापडलं बाई घर," झोपमावशी म्हणाली आणि त्याच्या उशाशी बसली.

शुक्ल षष्ठीला भरती फिरून एकोणिसाव्या वाटीवर आली. चंद्र मावळला होता, वारा सुटला होता. म्हातारा घरी जाऊन निजला आणि तरुण घंगाळापुढं बसला. सतरावी, अठरावी, आणि मग एकोणिसावी वाटी त्याच्या टक्क उघड्या डोळ्यांसमोर बुडाली. घंटा वाजली. दार पडलं. समुद्र बाहेरून धडका देत राहिला आणि घंटा ऐकून काकू झोपेतच कुशीवर वळली.

सूर्य उगवताच तरुण उन्हापासून डोळे झाकत, डोक्यावर पंचा ओढून घरी निघाला. गाव जागं होत होतं, चुली पेटत होत्या. त्याच्या दारावरून जाणाऱ्या वासुदेवानं चिपळ्या मुठीत गच्च धरल्या. काकू काठी घेऊन उंबऱ्यावर बसलेलीच होती.

"आलास?" ती म्हणाली. "जा, अंथरूण घातलंय. रात्र झाली."

तात्पर्य: झोप हुकमानं येत नाही, तिला रोज थोडी थोडी वाट दाखवावी लागते, आणि जो गावासाठी रात्र जागतो, त्याच्या दारात गावानं दिवसा रात्र राखावी.