टिचकीचा दाणा

पाय हलवू नका हां. खाली मुंगी आहे!

मुंगीचं नाव टिचकी. का? ती सगळ्यांना आधी टिचकी मारायची. टिक! मग बोलायची.

एकदा टिचकीला मिळाला दाणा. राळ्याचा दाणा. पिवळा पिवळा, गोल गोल. टिचकीला भूक लागली होती. पण तिनं खाल्ला नाही. घरी धाकटी बहीण होती ना! अजून अंड्यातच होती. बाहेर आली की पहिला घास तिला.

दाणा डोक्यावर. टिचकी निघाली. टुकू टुकू टुकू.

पण शेत सुकलेलं. जमिनीला पडली होती भेग. ही एवढी मोठ्ठी! दाणा घसरला. टुण्णकन उडाला. गुडुप! भेगेत गेला.

टिक!

"भेगे भेगे, माझा दाणा दे."

भेग म्हणाली, "आ... आ... तोंड मिटत नाही गं माझं. घसा कोरडा पडलाय. आधी पाणी पाज. मग देते दाणा."

टुकू टुकू टुकू. टिचकी ओढ्यावर गेली. ओढ्यात पाणी इवलंसं. टिक!

"पाण्या पाण्या, काय सांगू,
दाणा पडला भेगेत.
भेग दाणा देईना.
तू चल की शेतात!"

पाणी म्हणालं, "शेताला आहे उतार. पाऊस येतो धो धो, मी पळतं सूं सूं. थांबू कसं? दगडांना सांग, आडवे बसा. मग थांबेन."

टुकू टुकू टुकू. टिचकी दगडांकडे गेली. टिक! आई गं, टिचकीलाच लागलं.

"दगडांनो दगडांनो, काय सांगू,
दाणा पडला भेगेत.
भेग दाणा देईना.
पाणी थांबेना.
तुम्ही आडवे बसा की!"

दगड म्हणाले, "आम्हाला पाय आहेत का? दाखव बरं! गजरामावशीचं शेत आहे. तिला सांग उचलायला. मग बसतो."

टुकू टुकू टुकू. टिचकी मावशीकडे गेली. मावशी भाकरी थापत होती. थप थप थप. टिक!

"अगं बया! कोण गं तू?"

"मावशी मावशी, काय सांगू,
दाणा पडला भेगेत.
भेग दाणा देईना.
पाणी थांबेना.
दगड हलेनात.
तू उचल की त्यांना!"

मावशी म्हणाली, "अगं ठमे, एवढे दगड मी एकटीनं उचलू? कंबर मोडेल की माझी! इर्जिक पाहिजे, इर्जिक. सगळं गाव येतं. एकाच्या शेतात राबतं. मग झुणका-भाकरी खातं. पण ढोल वाजल्याशिवाय गाव येत नाही. बिरूआबांना सांग."

टुकू टुकू टुकू. टिचकी आबांकडे गेली. आबा रुसले होते. ढोल कोपऱ्यात, आबा दुसऱ्या कोपऱ्यात. टिक! अंगठ्यालाच!

"आबा आबा, काय सांगू,
दाणा पडला भेगेत.
भेग दाणा देईना.
पाणी थांबेना.
दगड हलेनात.
मावशी उचलेना.
तुम्ही ढोल वाजवा की!"

आबा म्हणाले, "नाही वाजवत जा! मृग लागला की ढोल वाजवायचा, ही आमची रीत. माझा आजा वाजवायचा. माझा बा वाजवायचा. गेल्या साली मीबी वाजवला. गाव आलं, बी पेरलं. आणि पाऊस? पाऊस गेला फिरायला! बी गेलं करपून. पोरं अजून चिडवतात मला, 'आबा, पाऊस कुठाय? ढोलात?' आता कुणीतरी खरं सांगा, पाऊस कधी येणार. मग वाजवतो."

आता कोण सांगणार? टिचकी उंबऱ्यावर बसली. मुसमुस मुसमुस रडली.

तेवढ्यात तुरुतुरु तुरुतुरु. मुंग्यांची रांग! सगळ्यांत पुढे टिचकीची आई. आईच्या तोंडात अंडं.

"का गं रडतेस, सोन्या?"

"आई आई, काय सांगू,
दाणा पडला भेगेत.
भेग दाणा देईना.
पाणी थांबेना.
दगड हलेनात.
मावशी उचलेना.
आबा ढोल वाजवेनात!
आणि तू कुठं चाललीस?"

आईनं अंडं हळूच खाली ठेवलं. "वर चाललेय, भिंतीवर. पाऊस येणार आहे ना! खाली राहिलं तर बाळ भिजेल."

"कधी येणार?"

"आज नाही. उद्या नाही. परवा."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या मिशीनं!"

टिचकी उठली. आबांच्या पायावर, पोटावर, खांद्यावर, कानात! टिक!

"आबा! पाऊस परवा येतोय! आईच्या मिशीनं सांगितलं!"

आबांनी मुंग्यांची रांग बघितली. मग स्वतःची मिशी ओढून बघितली. "एवढी मोठी मिशी माझी, कधी काही बोलली नाही बघ!" आबा हसले. होहोहो!

आणि मग...

आबांनी ढोल वाजवला. ढुम ढुम ढुमाक!
गाव आलं. मावशीनं दगड उचलले. हय्या हो!
दगड आडवे बसले. धप्प धप्प!
परवा पाऊस आला. धो धो धो!
पाणी पळत आलं. सूं सूं... आणि थांबलं.
भेग पाणी प्यायली. गटक गटक गटक.
आणि भेगेनं तोंड मिटलं.

मिटलं?

"ए भेगे! माझा दाणा!"

"श्श्श," आतून भेग म्हणाली. "थांब की जरा."

टिचकी थांबली. एक झोप झाली. दोन झोपा झाल्या. तिसऱ्या झोपेनंतर, टुक! मातीतून हिरवं टोक आलं. मग पान आलं. आणखी पानं आली. मग आलं कणीस. कणसात दाणे. पिवळे पिवळे, गोल गोल. इतके, की कणसाची मान वाकली. वाकली, वाकली आणि टिचकीसमोर येऊन थांबली.

"घे गं," भेग म्हणाली. "एक घेतला होता ना मी तुझा?"

टिचकीनं एक दाणा घेतला. टुकू टुकू टुकू, घरी पळाली. धाकटी बहीण बाहेर आली होती. इवलीशी, मऊ मऊ. टिचकीनं दाणा तिच्या पुढ्यात ठेवला.

बहिणीनं दाण्याकडे बघितलं. टिचकीकडे बघितलं.

आणि टिचकीच्या नाकावर, टिक!

झाली गोष्ट. आता पाय हलवा. पण हळूच हां!