वाटीभर वारा

एकदा काय झालं, चौल बंदरात आवडाबाई नावाची एक बाई होती. गलबतावर खलाशांना रांधून घालायची. एका सफरीत गलबत पार ग्रीस देशाला लागलं. इकडे चौलात तिची लेक पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. आवडाबाईनं लेकीला शब्द दिला होता, "तुझ्या बाळंतपणाला मी येणार म्हणजे येणार."

तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या बरं का, तो म्हणाला, "जा, गाव बघून ये. पण दिवस बुडायच्या आत परत. वारा कुणासाठी थांबत नाही."

मग निघाली. गाव डोंगराच्या अंगावर. वर जुन्या देवळाचे पडके खांब, नि मधे एक दगडाची बाई, हात पुढे केलेली. ते बघायला आवडाबाई पायऱ्या चढू लागली. वाटेत एका दारात फोतिनी नावाची म्हातारी बसली होती. तिनं हाताला धरून बसवलं नि वाटीभर ऑलिव्ह पुढे ठेवले. खारट-तुरट, आपल्या मुरलेल्या आवळ्यासारखे. दोघी बोलल्या कशा? अरे, म्हाताऱ्या बायकांना भाषा लागते थोडीच! लेकीचंसुद्धा सगळं सांगून झालं.

ऑलिव्ह संपले, वाटी धुतली. पण दुसऱ्याची वाटी रिकामी कशी द्यायची? आवडाबाईनं पिशवीतल्या नारळाच्या वड्या घातल्या. झालं! फोतिनीच्या गावातही तीच रीत. तिनं वड्या काढून घेतल्या नि शेळीच्या दुधाचं खारं चीज घातलं. मग आवडाबाईनं मेतकूट. मग फोतिनीनं मधातले अक्रोड. आता पिशवीत काही उरलं नाही, आणि ऊनही उतरलं. सगळी आळी गोळा होऊन हसत होती नि आवडाबाईला रडू येत होतं. वाटी रिकामी देववेना, घेऊन पळताही येईना.

"चार रानफुलं तरी आणते," म्हणून ती वाटी हातात घेऊनच वर देवळाकडे धावली. तिथे कुठली फुलं! नुसते दगड. आणि ती दगडाची बाई, तशीच हात पुढे करून उभी. आवडाबाईचा जीव कळवळला. "किती वर्षं उपाशी गं तू? घे, खा," म्हणाली नि सगळे अक्रोड तिच्या हातावर ठेवले.

पण तीही त्याच गावची ना! वाटी रिकामी कशी देईल? दगडाची मान वाकली, नि तिनं वाटीत हळूच फुंकर घातली. तशी वाटी वाऱ्यानं भरली. सगळा वारा वाटीत! गावात पान हलेना.

आवडाबाईनं वाटीवर पदर झाकला नि धूम खाली आली. फोतिनीनं पदर जरासा उचलून बघितलं नि चटकन परत झाकला. म्हणाली, "वारा ठेवून मी काय करू? तुझी लेक वाट बघतेय. जा. वाटी भरून पाठव म्हणजे झालं."

दिवस बुडाला होता. पण गलबत होतं तिथेच! शीड लुळं पडलेलं, तांडेल डोकं खाजवतोय. आवडाबाई चढली, पदर काढला, शीड टम्म! वारा थांबला होता बरं का, आणि तोही आवडाबाईसाठी.

गलबत चौलाला लागलं त्याच दिवशी लेकीला कळा सुरू झाल्या. आई उशाशी होती. नात झाली, टपोऱ्या डोळ्यांची. मग बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांतले चार लाडू वाटीत घालून आवडाबाईनं पुढच्या गलबताबरोबर पाठवले.

वर्षानं वाटी परत आली. रिकामी? छे! मधातले अक्रोड, नि वर बाळाच्या गालाला लागेल एवढीशी झुळूक. नात लगेच झोपली. सगळी सुखात राहिली. तुम्हीही मिटा आता डोळे.