शेवटच्या हाताचा वाटा

मघाशी तांडेलाने, म्हणजे आमच्या रापणीच्या म्होरक्याने, ह्या सांगलीच्या दादांना नाव विचारलं आणि तुम्ही सगळे हसलात. हसा, हरकत नाही. आमच्या तांबळशीच्या पुळणीवर सुट्टीला येणारं प्रत्येक माणूस तिथे हसतं. दादा आले सगळ्यांत उशिरा, दोराला हात लावला तो फोटोपुरता, आणि बांगडा मासळीचा पहिला ढीग त्यांच्याच पायाशी! वर तांडेल विचारतो, 'तुजा नाव काय?' दादा म्हणाले उन्मेष, आणि दोरावरची सगळी माणसं 'उन्मेष!' म्हणून अशी ओरडली, की दादा घाबरून दोन पावलं मागे सरले.

बसा आता वाळूत. किल्ला कुठे पळून जात नाही. चहा येतोय, तोवर ह्या गोमतीकाकीचं ऐकून घ्या. पोरांना ऐकू द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. ह्यात रक्त आहे, आणि मी ते पुसून सांगणार नाही.

रापण कशी ओढतात ते आज पाहिलंत. होडी जाळं घेऊन आत जाते, अर्धगोल टाकून परत येते, आणि दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावरची माणसं ओढत राहतात. एकाने सोडला तर पुढच्याचे तळहात सोलवटतात. चौघांनी सोडला तर जाळं सैल पडतं आणि सकाळ फुकट जाते. म्हणून जुन्या लोकांनी गावच्या वेताळासमोर आण घेतली होती, की दोर हातात असलेल्या माणसावर हात उचलायचा नाही. बांधावरून भांडण असो, कोणी कोणाची बायको पळवलेली असो. दोर ठेवलात की मग काय ती डोकी फोडा. कित्येक पिढ्या ही आण कोणी मोडली नाही म्हणे. ती इतकी अंगवळणी पडली, की सगळ्या जगात असंच असतं असं आमच्या लोकांना वाटायला लागलं.

त्या काळी पावसाळा सरला की उत्तरेकडून चाचे उतरत. गलबत बाहेर नांगरायचं, लहान होड्यांतून किनाऱ्याला लागायचं, तांब्याची भांडी, तांदूळ, सुकी मासळी आणि हाती लागतील ती तरणी माणसं उचलून न्यायची, हा त्यांचा धंदा. इतर गावं शीड दिसलं की डोंगरात पळत. आमच्याकडे ते आले त्या सकाळी वर्षाची पहिली रापण पाण्यात होती. तांडेल होता सटू. त्याची बायको पुतळा टोपल्या घेऊन वर केवड्याच्या बनाशी बसली होती, शेजारी तिची सून भागू. आणि भागूचा नवरा, ह्या दोघांचा एकुलता एक झील, म्हणजे मुलगा, विसू, दोरावर सगळ्यांत पुढे, गुडघाभर पाण्यात.

होड्या दिसल्या तशी माणसं चुळबुळली. काहींचे हात सैल झाले. तेव्हा सटू ओरडला, "दोर सोडू नकात! दोर धरलल्या माणसाक कोण मारता?"

त्याला खरोखरच तसं वाटत होतं हो. मला त्या माणसाचा रागही येतो आणि कीवही येते.

चाच्यांना कसली आण आणि कसला वेताळ! त्यांना दिसली ती पाठमोरी माणसं, ओळीत उभी, दोन्ही हात गुंतलेली. ते मागून आले आणि तोडत पुढे गेले. एक पडला की त्याच्या पुढचा मान वळवून बघायचा, पण दोर सोडायचा नाही, आणि मग तोही पडायचा. सटूच्या खांद्यात तलवार अशी रुतली, की उपसायला चाच्याला त्याच्या पाठीवर पाय द्यावा लागला. विसूने दोर मनगटाला गुंडाळून घेतला होता. त्याच्यावर चालून आला तो धिप्पाड होता, डाव्या कानाची पाळी तुटलेला. पहिला वार मानेवर बसला नाही, जबड्यावर बसला. दुसरा मानेवर बसला. विसू पडला आणि लाटेबरोबर मागे सरणारं जाळं त्याला मनगटाने ओढत आत घेऊन गेलं. पुतळाने हे सगळं पाहिलं. भागूला तिने बनात ओढलं होतं आणि तिच्या तोंडावर हात दाबून धरला होता. भागूने त्या हाताचा चावून लचका काढला, तरी पुतळाने हात काढला नाही, असं सांगतात.

गावात पुरुष उरले ते म्हातारे, आणि होडीवर असल्यामुळे वाचलेले दोघे भाऊ, रघू आणि बाबलो. नवऱ्याची जागा पुतळाने घेतली. बाई तांडेल होते हे कोणी ऐकलं नव्हतं, पण विरोध करायला माणसं तरी कुठे होती! भागूला त्या वर्षी मुलगा झाला. बारशाला पुतळा आली ती कोयत्याला धार लावता लावता उठून आली म्हणे. गावाने डोंगरात पळायचं की नाही, एवढं एकदाच तिला विचारलं गेलं. ती म्हणाली, "रापण लावया."

पुढच्या वर्षी तीच वेळ, तोच पहाटेचा वारा. टेकडीवरून शीड दिसलं तसं रघू आणि बाबलोने जाळं टाकलं. त्याचे तरंगणारे लाकडी ठोकळे काढून टाकले होते, म्हणून ते तळाशी निजून राहिलं. पुळण रिकामी ठेवली. चाच्यांच्या होड्या त्या जाळ्यावरून निवांत आत आल्या आणि चाचे कमरेएवढ्या पाण्यात उड्या टाकून चालायला लागले. त्याच क्षणी बनातून बायका धावत सुटल्या आणि त्यांनी दोन्ही दोर खेचले. जाळं मागून आलं. पाय गुंतून माणसं आपटली. उठायला जावं तर हात गुंतायचे. कमरेएवढ्या पाण्यात माणसं बुडून मेली, आणि जी बुडत नव्हती त्यांना म्हाताऱ्यांनी वल्ह्यांनी ठेचलं. ज्या बायका आदल्या वर्षी विधवा झाल्या होत्या त्या ओढत होत्या आणि ओरडत होत्या. फेसाचा रंग बदलला होता. तुम्हांला वाईट वाटत असेल, मला त्या क्षणापर्यंत काही वाईट वाटत नाही.

त्यातून एकजण सुटला. जाळं फाडून, बाजूने पोहत, तो पुळणीवर आला. डाव्या कानाची पाळी तुटलेला. हातात हत्यार नव्हतं, मांडी उसवली होती. पळायला पुळणीवर जागाच नव्हती. पुतळा कोयता घेऊन त्याच्या अंगावर निघाली. त्याने तिला पाहिलं, दोराकडे पाहिलं, आणि धावत जाऊन ओळीच्या अगदी शेवटी, भागूच्या मागे, त्याने दोर धरला. आदल्या वर्षी त्याने ही माणसं पाहिली होती ना? मरत होती पण दोर सोडत नव्हती. ह्या दोरात काहीतरी आहे एवढं त्याला कळलं असावं. नुसता धरला नाही, टाचा रोवून सगळ्यांबरोबर ओढायला लागला, आणि तोंडाने एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याची भाषा कोणाला येत नव्हती. कोणी म्हणतात आईला हाक मारत होता, कोणी म्हणतात आपलं नाव सांगत होता.

भागूने मागे वळून पाहिलं. तिच्या नवऱ्याचा जबडा फोडणारा माणूस तिच्यामागे हातभर अंतरावर उभा होता. ती सासूला म्हणाली, "आये, तेना दोर धरल्यान हा."

पुतळा म्हणाली, "माज्या झिलान पन धरललो."

आणि तिने कोयता घातला. एका घावात झालं नाही. तो गुडघ्यावर आला तरी ओढतच होता. तिसऱ्या की चौथ्या घावाला पडला, आणि पडला तरी मुठी दोरावर आवळलेल्या राहिल्या.

बायकांनी ते पाहिलं आणि त्यांच्या हातातून दोर गळले. नवऱ्यांची प्रेतं पाहूनही न गळालेले हात होते ते. पण वेताळाची आण गावच्याच माणसाने मोडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दोर गळले तसं जाळं सैल पडलं. आत जिवंत उरलेले चाचे त्यातून सुटले, होडीत चढले आणि गलबताकडे निघाले. वाटेत रघू आणि बाबलोची होडी होती. दोघांनाही त्यांनी पुळणीवरून दिसेल असं, सावकाश, कापलं.

संध्याकाळी पुतळा पायरीवर बसली होती. भागू मुलाला घेऊन समोर आली आणि म्हणाली, "तेंका म्हायत नाय होता, आये. तुका म्हायत होता." एवढंच बोलली.

चाच्यांची प्रेतं लोकांनी समुद्रात लोटली. बाकीची गेली. हा मात्र दर भरतीला परत यायचा आणि जिथे उभा राहून त्याने दोर ओढला तिथेच वाळूवर लागायचा, असं सांगतात. लोक लोटायचे, तो यायचा. शेवटी पुतळाने त्याला एकटीने वर ओढून नेलं आणि सरण रचलं. क्रियाकर्माला भटजींना बोलावलं. ते यायला तयार नव्हते, तिने त्यांचे पाय धरले. ते आले, दर्भ हातात घेतला आणि त्यांनी मेलेल्याचं नाव विचारलं. नावाशिवाय पिंड कोणाच्या नावाने ठेवायचा? पुतळाने गावात घरोघर जाऊन विचारलं, तो काय शब्द म्हणत होता? प्रत्येकीने वेगळा सांगितला. भागू सगळ्यांत जवळ होती, तिला तर काहीच आठवेना. भटजी दर्भ ठेवून निघून गेले, आणि पुतळाने सरण बिननावाचंच पेटवलं.

पुतळाने तांडेलकी सोडली. पुढे आयुष्यभर ती दोराच्या शेवटच्या टोकाला, त्याच्या जागेवर उभी राहून ओढत राहिली. आणि तिने वेताळासमोर नवी आण घेतली, ती गावाने उचलली. जो शेवटी दोराला हात लावील, तो कोणीही असो, पहिला वाटा त्याचा, आणि त्याचं नाव सगळ्यांनी ऐकून घ्यायचं. त्यानंतर मासळी भरभरून आली असं म्हणतात. मासळी काय हो, ऋतू आला की येतेच. पण ही रीत मोडायची हिंमत कोणाला झाली नाही.

आणि दादा, तुमचा वाटा घ्या हो, लाजू नका. नाव सांगितलंत, आता तो तुमचाच आहे.

आजही वर्षाची पहिली रापण ओढली, की त्या दिवशी पहिला ढीग कोणालाच देत नाहीत. तो ओल्या वाळूवर दोराच्या टोकाशी ठेवतात. तांडेल पाण्याकडे तोंड करून विचारतो, "तुजा नाव काय?" सगळी पुळण गप्प होते. भरती चढते आणि बांगडे एकेक करून आत जातात. मी भागूच्या घराण्यात सून म्हणून आले, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. दरवर्षी मी तिथे पुढे जाऊन उभी राहते आणि कान देऊन ऐकते. त्याने नाव सांगितलं, तर सगळ्यांच्या आधी मी ओरडणार आहे.