राघूतळ्यावरची टाळी

या बांधावर आलात की एक पथ्य पाळायचं. कुणालाही नावानं हाक मारायची नाही. कुणी मागे राहिलं तर तीन टाळ्या वाजवायच्या. हसा, हसा. पहिल्यांदा येणारा प्रत्येकजण हसतो. आम्ही बायका एरवी बोलायला लागलो की पलीकडच्या गावाची झोप मोडते, पण या तळ्यावर आमचीही तोंडं बंद.

समोर तो अर्धा वाळलेला मोह दिसतोय ना? त्याच्या खोडात सात ढोल्या आहेत. राघू काही काडी काडी जमवून घरटं बांधत नाही. आयती ढोली मिळाली की त्याचा संसार सुरू. रानातला राघू नुसता किरकिरतो. माणसासारखा बोलतो तो पिंजऱ्यातला. या मोहावरचे मात्र बोलायचे, असं सांगतात.

फार मागची गोष्ट. तळ्याकाठी कौतिका नावाची एक सून राहायची, आणि तिची सासू ठकूबाई. ठकूबाईला दिवसातून शंभरदा सुनेला हाक मारायची सवय. "कौते! अवं कौते!" घागर भरली, कौते. ऊन आलं, कौते. काहीच नसलं तरी कौते. त्यात म्हातारीनं एक राघू पाळलेला. तोही तेच शिकला. सासू दमली की राघू सुरू करायचा, हुबेहूब तिच्या घोगऱ्या आवाजात. कौतिका पिठाच्या हातानं धावत यायची आणि पिंजऱ्यातून तो मान वाकडी करून बघायचा.

"एक सासू कमी होती म्हणून दुसरीला पंख फुटले," ती शेजारणीला म्हणायची.

एका दुपारी म्हातारी जरा लवंडली होती, तेव्हा कौतिकानं पिंजऱ्याचं दार उघडलं. मांजरानं नेला, असं सांगून टाकलं. तेवढं खोटं कुठली सून बोलत नाही?

राघू उडाला तो या मोहावर. ढोली धरली, जोडी जमवली. पिल्लाच्या गळ्यात कंठी फुटायला तीन वर्षं लागतात, पण बोली त्याच्या आधी फुटते. तीन-चार वर्षांत झाड बोलायला लागलं म्हणे. दिवस कलला की थवा उतरायचा आणि फांदीफांदीवरून एकच, "कौते! अवं कौते!"

कौतिका तेव्हा ज्वारी राखायची, तळ्याच्या वर, माळ्यावर बसून, गोफण घेऊन. पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला. मग सवय झाली. मग मजा वाटायला लागली. हाक आली की आपणही ओरडायचं, "आली, आली, राघूबाई! भाकर खाऊन येते!" खरी सासू कुठली आणि राघू कुठला, हे ओळखायचंही तिनं सोडून दिलं. एवढी सोय कुणाला नको?

पौषातली संध्याकाळ होती. पाणी हटलेलं, काठाला गाळ उघडा पडलेला. खालून हाक आली. "कौते!" कौतिका कणीस भाजत होती. "कौते, पाय रुतला वं!" तिला वाटलं, मेल्यांनी नवीन काही उचललं. "कौते, हात दे वं!" ती हसली. म्हणाली, "आली, आली, राघूबाई! भाकर खाऊन येते!"

मग खाली सगळं शांत झालं. थवा तर तेव्हा अजून उतरलाच नव्हता. हे तिच्या ध्यानात आलं ते मोहाकडे बघितल्यावर. फांद्या रिकाम्या होत्या.

ती धावली. काठावर घागर होती, नुसती घागर. म्हातारी तिसऱ्या दिवशी वर आली. हाताची बोटं पसरलेली होती म्हणे.

"तू तर वरच होतीस. हाक नाही ऐकली?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही," कौतिका म्हणाली.

दहाव्याला याच बांधावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. म्हातारीच्या मुलानं हात जोडून सांगितलं, तुझं लुगडं बहिणीला देतो. कावळा नाही. शेळी विकणार नाही. कावळा नाही. सूर्य टेकला, माणसं एकमेकांकडे बघायला लागली. म्हातारीचा जीव अडकला तरी कशात?

तेवढ्यात थवा उतरला. आणि मोह बोलायला लागला. "कौते!" पहिल्या ढोलीतून. "पाय रुतला वं!" दुसरीतून. "हात दे वं!" फांद्या रिकाम्या असताना बोललेलं त्यांना कसं कळलं, कोण जाणे. सगळं गाव कान देऊन उभं. मग सगळ्यात वरच्या ढोलीतून हसू आलं. तरण्या बाईचं हसू. "आली, आली, राघूबाई! भाकर खाऊन येते!"

नवऱ्यानं मान वळवली. कौतिकाकडे बघितलं.

कौतिका उठली आणि गाळात गुडघ्यापर्यंत उतरली. पिंजऱ्यापासून भाकरीपर्यंत सगळं तिनं तिथूनच सांगितलं. मग म्हणाली, "आत्याबाई, तोंडाच्या हाकेवरचा माझा विश्वास मीच घालवला. यापुढं इथं टाळी वाजेल. राघू एका पायात कणीस धरतो, पण दुसऱ्यावर त्याला उभं राहावंच लागतं. टाळीला दोन्ही हात मोकळे लागतात, ती माणसाचीच. ती वाजली की मी तव्यावरची भाकर टाकून येईन. माझ्यामागं या गावची प्रत्येक सून येईल." आणि तिनं तीन टाळ्या वाजवल्या.

झाड गप्प झालं. कावळा आला, शिवला.

त्यानंतर राघूंनी माणसाचा शब्द काढला नाही. आता ते नुसते किरकिरतात, ऐकताय ना? कौतिका मात्र म्हातारी होईपर्यंत रोज दिवस कलता इथे येऊन बसायची.

आजही पौषात पाणी हटलं की एखाद्या संध्याकाळी टाळी ऐकू येते. एक, दोन, तीन. बांधावर कुणी नसतं. आवाज गाळाकडून येतो, ओल्या हातांचा. कावळ्यानं पिंड शिवला होता, म्हणजे म्हातारी तर सुटली. मग ही टाळी कुणाची, ते आम्ही विचारत नाही. ज्या घरात ऐकू येते, तिथली सून तवा उतरवते, काठावर येते आणि पाण्याच्या दिशेनं हात पुढे करते. थोडा वेळ. मग हात पुसून घरी जाते.

हात ओला का होतो, तेही आम्ही विचारत नाही.