साळिंदरदादांचा कडक नियम

प्राणी आपापसांत पथकं करून वणवे विझवायचे, त्या काळची गोष्ट. तरुणांच्या पथकाचे प्रमुख होते साळिंदरदादा. त्यांचा नियम कडक होता. मोहाचं एक आंबलेलं फूल खाल्लं, तरी पथकातून कायमचं बाहेर!

मग पोरं ओढ्यापलीकडे लपून फुलं खाऊ लागली. एकदा भेकर झिंगून खोल खड्ड्यात पडलं. पथकातून काढतील या भीतीने कुणी मदतीला हाक मारेना. शेवटी त्यांच्यातली अस्वलीण रडत दादांकडे धावली. "दादा, मला काढून टाका, पण त्याला वाचवा!"

साळिंदरदादांनी सगळ्यांना हाताशी घेऊन, खड्ड्यात वेल सोडून भेकराला वर ओढलं.

"आता आम्ही बाहेर ना?" भेकराने विचारलं.

"नाही. वणव्याच्या पाळीवर असताना फूल तोंडात नको. एरवी खा, पण बेताने आणि माझ्यासमोर," दादा म्हणाले. मग हळूच विचारलं, "काय रे, फार गोड असतं का?"