शाकाहारी गोळ्या

डोंगराआडच्या एका गावात एक आई तीन रात्री टक्क जागी होती. लेकीला धाप लागत होती, हे एक. आणि लेकीच्या औषधाची पुडी तिने स्वतःच्या हाताने पिठाच्या डब्यामागे लपवली होती, हे दुसरं. यातलं कुठलं जास्त जागवत होतं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

झालं होतं असं. वर्षापूर्वी लेकीने गाईपासून ओढून लांब बांधलेलं वासरू पाहिलं, आणि त्या दिवसापासून दूध, तूप, मध, जनावराकडून आलेलं काहीच खाणार नाही म्हणाली. आईला वाटलं, चार दिवसांचं खूळ. चार महिने झाले, तेव्हा आईनेही सोडलं. शेजारीण कुंपणावरून टोमणा मारायची, "दूध नाही, तूप नाही, मग काय वारा पिऊन राहता का गं?" आई नुसती हसायची. उत्तर द्यायलाही अंगात जोर लागतो.

पुढे लेकीला धाप लागू लागली. वैद्यबुवांनी नाडी पाहून दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या, पांढऱ्या आणि काळ्या. आईने भीतभीत विचारलं, "बुवा, शाकाहारी आहेत ना?"

बुवा दुखावले. "बाई, चार पिढ्यांत माझ्या घरात अंडं शिरलेलं नाही. आणि तू मला विचारतेस?"

"चुकलं," आई म्हणाली.

गोळ्यांनी उतार पडला. चौथ्या दिवशी ती पथ्य विचारायला गेली, तर बुवा खलात औषध घोटत होते आणि वरून शेळीच्या दुधाची धार सोडत होते. "तुझ्या लेकीच्याच गोळ्या," ते कौतुकाने म्हणाले.

आई पथ्य न विचारताच घरी आली. पुडी डब्यामागे गेली. "गोळ्या संपल्या," तिने लेकीला सांगितलं.

बुवा खोटं बोलले नव्हते. गावात दूध शाकाहारीच. चूक शब्दाची होती, आणि शब्द तिचा होता. पण पुन्हा जाऊन विचारायचं कुठल्या तोंडाने? म्हणून तिने बाकी सगळ्यांना विचारलं. पुजारी म्हणाले, "दूध म्हणजे अमृत." शेजारीण म्हणाली, "औषधाला कसला आलाय नेम? गुळात दडपून दे." कासार म्हणाला, त्याच्या मेव्हण्याची धाप नुसत्या आल्याच्या काढ्याने गेली. आईने तीन दिवस आलं उकळलं.

तिसऱ्या संध्याकाळी उंबरा ओलांडता ओलांडता लेक मटकन खाली बसली. ओठ निळे पडले होते. आई तिला उचलून धावत सुटली.

बुवांनी लेकीला आधी वाफ दिली, मग काळी गोळी. श्वास जरा संथ झाल्यावर त्यांनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

"बंद केल्या," आई म्हणाली. "दूध होतं त्यात. बुवा, जनावराचं काहीच नको, दूधसुद्धा नको, असं विचारायचं होतं मला. मी शाकाहारी म्हणाले."

बुवांनी खल पुढे ओढला. "मग तसं विचारायचंस की! पांढरी तुळशीच्या रसात घोटून देतो, काही बिघडत नाही. काळी मात्र तुपाशिवाय होत नाही. तिला दुसरा उपाय मला ठाऊक नाही. इतर वैद्यांकडे चौकशी करतो. पण तोवर ती बंद करायची नाही. धाप कुणासाठी थांबत नाही, बाई."

सकाळी आईने डब्यामागच्या पुडीतून काळी गोळी काढली. गुळाचा खडाही काढला, आणि थोड्या वेळाने परत ठेवून दिला. लपवायचा तिला कंटाळा आला होता.

"यात तूप आहे," ती लेकीला म्हणाली. "दुसरी मिळेपर्यंत हीच आहे."

लेकीने गोळी उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे त्या दिवशी संपल्या नव्हत्या?"

"नव्हत्या."

लेकीने पाण्याबरोबर गोळी गिळली आणि तोंड वाकडं केलं.

आईने भिंतीला पाठ टेकली. "तात्पर्य काय," ती म्हणाली, "औषधात काय आहे ते औषध देणाऱ्यालाच विचारावं, नेमक्या शब्दांत विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत औषध थांबवू नये."

लेक म्हणाली, "आणि जिला गिळायचंय, तिला कधी विचारायचं?"